नवा चिपसेट की मुरलेला? मदरबोर्ड घेण्याआधी काय तपासायचं

प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीचे एक्स८७० आणि एक्स८७०ई हे चिपसेट (प्रोसेसरला बाकी साधनांशी जोडणाऱ्या, मदरबोर्डवरच्या चिप) २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस आले, तेव्हा माझ्या एका मित्राने त्याचा एक्स६७०ई बोर्ड विकून एक्स८७० घ्यायचं ठरवलं होतं. आकडा मोठा म्हणजे माल वरचा, एवढा साधा हिशोब. मी दोन्ही चिपसेटच्या आकृत्या त्याच्यापुढे शेजारी-शेजारी ठेवल्या. एक्स६७०ई मध्ये ‘प्रोमोंटरी २१’ नावाच्या दोन चिप असतात. एक्स८७० मध्ये तीच चिप, पण एकच. चिपसेटकडून मिळणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या लेन (एसएसडी, कार्डं यांच्या डेटाच्या वाटा) जुन्यात १२, नव्यात ८. नव्यात यूएसबी४ सक्तीचं आहे, ही जमेची बाजू खरी. पण त्याला यूएसबी४ नको होतं, त्याला चार एसएसडी लावायच्या होत्या. बेत तिथेच बारगळला.

नव्या चिपसेटची जुन्याशी तुलना करताना बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. आकडे ताडून पाहिले जातात, आतले रस्ते कोणी पाहत नाही. खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरतो. त्यात दोन संध्याकाळी जातात, पण नंतर दर महिन्याला केस उघडून बसावं लागत नाही.

चिपसेटच्या हातात आता उरलंय काय

एकेकाळी चिपसेट बदलला की अख्खा संगणक वेगळा वागायचा, कारण मेमरी कंट्रोलर नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे चिपसेटच्या प्रोसेसरजवळच्या चिपमध्ये असायचा. व्हीआयए, एसआयएस, एनव्हिडिया अशा तीन-तीन कंपन्यांचे चिपसेट एकाच अ‍ॅथलॉन प्रोसेसरसाठी झुंजायचे, आणि त्यांच्या वेगातला फरक मोजून दाखवता यायचा. २००२ चा एनफोर्स२ दुहेरी चॅनेलची डीडीआर मेमरी घेऊन आला, तेव्हा त्याची हवा झाली ती यामुळेच. मग २००३ मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ बरोबर आणि २००८ मध्ये इंटेलने नेहॅलेम पिढीबरोबर मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात नेला. पुढच्याच वर्षी इंटेलने ग्राफिक्स कार्डाच्या लेनही आत घेतल्या. नॉर्थब्रिजचं काम संपलं. आज आपण ज्याला चिपसेट म्हणतो तो जुना साउथब्रिजच, म्हणजे डिस्क आणि यूएसबी सांभाळणारी दुसरी चिप आहे, अंगाने भरलेली.

त्याच्याकडे आता साटा (डिस्कची केबलने होणारी जोडणी), बरेचसे यूएसबी पोर्ट, एसएसडीसाठी जादाचे एम.२ स्लॉट, नेटवर्क, ऑडिओ असा गर्दीचा कारभार आहे. शिवाय एक अधिकार आहे: कुठली सोय उघडी ठेवायची आणि कुठलीला कुलूप घालायचं. म्हणून एकच प्रोसेसर, तीच मेमरी आणि तेच ग्राफिक्स कार्ड दोन वेगळ्या चिपसेटवर लावलं तर गेममध्ये फरक पडायचं कारण नाही. कोणी फरक दाखवला, तर तो बहुधा बोर्डाच्या वीजमर्यादेच्या सेटिंगमधून आलेला असतो. त्याबद्दल पुढे.

पायरी पहिली: बोर्ड पाहण्याआधी कागद

काय काय लावणार ते लिहून काढा. ग्राफिक्स कार्ड, किती एसएसडी आणि कुठल्या पिढीच्या, साटा डिस्क किती, कॅप्चर कार्ड किंवा १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आहे का, एकाच वेळी जोडलेली राहणारी यूएसबी साधनं किती. पुढच्या तीन वर्षांत नक्की येणारी वस्तू लिहा. ‘कधीतरी घेईन’ असं वाटणारी लिहू नका. माझ्या अशा यादीत दुसरं ग्राफिक्स कार्ड सलग दोन बोर्डांच्या वेळी होतं आणि ते आजतागायत आलेलं नाही.

पायरी दुसरी: नाव नवं की सिलिकॉन नवं

ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलचा झेड३७० आला. आठव्या पिढीच्या प्रोसेसरला तो लागायचाच, आधीच्या झेड२७० वर ते चालत नव्हते, सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच) मात्र एलजीए११५१ हाच. आत पाहिलं तर चिप आधीच्याच घराण्यातली. सहा महिन्यांनी बी३६० आणि एच३७० हे खालच्या पायरीचे चिपसेट आले, आणि त्यांच्यात १० गिगाबिटचं यूएसबी चिपसेटच्या आतच होतं. वरच्या झेड३७० बोर्डांना त्यासाठी बाहेरची वेगळी चिप लावावी लागायची. दुकानाची पाटी बदलली की माल बदलतोच असं नाही, आणि कधीकधी नवा माल खालच्या फळीवर येतो.

एएमडीकडे हेच अलीकडे झालं. एक्स८७०ई म्हणजे दोन प्रोमोंटरी २१, एक्स८७० म्हणजे एक. बी६५० सुद्धा एकच प्रोमोंटरी २१. मग बी६५० आणि एक्स८७० यांत फरक कुठे? चिपमध्ये जवळजवळ नाही. फरक आहे तो बोर्ड बनवणाऱ्यावर घातलेल्या अटींत: एक्स८७० वर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ५.० चाच हवा आणि यूएसबी४ द्यायलाच हवं. हे यूएसबी४ चिपसेटमधून येतच नाही, त्यासाठी बोर्डावर वेगळा कंट्रोलर बसवलेला असतो. आणि बी८४० कडे नीट पाहा. नाव बी८५० च्या शेजारचं, पण त्याच्या चिपसेटच्या लेन ३.० च्या आहेत आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही. घाईत असलेल्या माणसाला फसवायला एका आकड्याचा फरक पुरतो.

चिप नवी नाही ही प्रत्येक वेळी वाईट बातमी नसते. जुन्या चिपचे ड्रायव्हर मुरलेले असतात, तिच्या खोडी लोकांना माहीत झालेल्या असतात. फक्त ‘नवं’ म्हणून जादा पैसे मोजताना नेमकं काय नवं आहे ते एका वाक्यात सांगता यायला हवं. सांगता आलं नाही, तर मुरलेला चिपसेट घ्या.

पायरी तिसरी: रस्त्यांचा नकाशा

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. प्रत्येक चिपसेटची एक चौकोनी आकृती मिळते, चांगल्या बोर्डांच्या पुस्तिकेत ती छापलेलीही असते. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: प्रोसेसरमधून थेट निघणाऱ्या लेन, चिपसेटमधून निघणाऱ्या लेन, आणि या दोघांना जोडणारा रस्ता.

एका लेनचा वेग लक्षात ठेवला की हिशोब तोंडी करता येतो. पीसीआय एक्सप्रेस ३.० ची एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी वाहते, ४.० ची २ आणि ५.० ची ४. हे आकडे एका दिशेचे. उलट दिशेला तेवढंच वेगळं.

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यामधला रस्ता ४.० च्या चार लेनचा आहे, म्हणजे सेकंदाला ७.९ जीबीच्या आसपास. इंटेलच्या झेड७९० आणि झेड८९० वर तो ४.० च्याच पण आठ लेनचा, म्हणजे दुप्पट. इंटेलच्याच बी७६० आणि बी८६० वर पुन्हा चार. हा आकडा जाहिरातीत ठळक अक्षरांत क्वचितच दिसतो. तिथे दिसतात एकूण लेन, एकूण यूएसबी, एकूण एम.२. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एक्स६७०ई किंवा एक्स८७०ई मध्ये दोन चिप एकामागे एक साखळीने जोडलेल्या असतात. दारं वाढतात, पण दोन्ही चिपांची सगळी वाहतूक वर जाते ती त्याच चार लेनमधून.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा, चिपसेटच्या दोन एम.२ स्लॉटमध्ये ४.० च्या दोन वेगवान एसएसडी आहेत, प्रत्येकी सेकंदाला ७ जीबी वाचणाऱ्या. एकीवरून दुसरीवर मोठी फाइल उतरवली, तर रस्ता तुंबेल का? बरेच जण ‘हो’ म्हणतात आणि ७ अधिक ७ करून १४ मांडतात. हिशोब तसा नाही. वाचलेला डेटा चिपसेटकडून मेमरीत जातो, ती एक दिशा. मेमरीतून दुसऱ्या एसएसडीकडे येतो, ती उलट दिशा. दोन्ही दिशांना ७.९ ची जागा स्वतंत्र आहे, त्यामुळे रस्ता भरत येतो पण तुंबत नाही. तुंबतो कधी? दोन्ही एसएसडींवरून एकाच वेळी वाचलं तर, उदाहरणार्थ दोघी रेड ० मध्ये, म्हणजे एकच डिस्क असल्यासारख्या जोडल्या तर. मग १४ मागितले जातात आणि ७.९ च्या आत समाधान मानावं लागतं. त्यातच १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड चिपसेटवर असेल तर आणखी सव्वा जीबी त्याच दिशेला.

हे सगळं एकाच क्षणी चालतं का, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. गेम, कोडिंग, कार्यालयीन काम करणाऱ्या माणसाचा हा रस्ता दिवसभर रिकामाच असतो. मोठ्या व्हिडिओ फाइली तीन-चार डिस्कवरून एकदम ओढणाऱ्याचा असतो तो भरतो. पहिल्याने चार आणि आठ लेनमधल्या फरकावर पैसे घालवू नयेत. दुसऱ्याने मात्र घालवावेत.

दोघांनाही लागू पडणारी गोष्ट: ज्या एसएसडीवर रोजचं काम आहे ती प्रोसेसरला थेट जोडलेल्या एम.२ स्लॉटमध्येच लावा. चिपसेटमार्गे गेलं की थोडा उशीर वाढतोच, आणि रस्त्यावर दुसरं कोणी आलं की आपली वाट अडते. हा थेट स्लॉट बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्स स्लॉट यांच्यामध्ये असतो. पण अंदाजावर राहू नका, पुस्तिकेत पाहून खात्री करा.

पायरी चौथी: बारीक अक्षरातल्या टीपा

माझी एक अख्खी संध्याकाळ अशा टीपेने खाल्ली आहे. तिसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली आणि संगणक चालू केला, तर साठवणीच्या दोन जुन्या हार्ड डिस्क गायब. केबली बदलल्या, वीजपुरवठ्याची जोडणी बदलली, एक डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर तिथे ठणठणीत. बोर्ड बिघडला असं ठरवून खोक्यात भरायला घेतला, तेव्हा खोक्याच्या तळाशी पुस्तिका दिसली. स्लॉटांच्या तक्त्याखाली तारांकन होतं आणि त्यापुढे एक ओळ: हा स्लॉट वापरल्यास पाचवा आणि सहावा साटा पोर्ट बंद होतील. केबली पहिल्या दोन पोर्टांत लावल्या, डिस्क परत आल्या. बोर्ड बिचारा पहिल्यापासून बरोबर होता.

म्हणून बोर्ड घेण्याआधी त्याची पुस्तिका उतरवून घ्या आणि ‘लेन वाटून घेतो’, ‘बंद होतो’, ‘आठवर येतो’ अशा अर्थाची प्रत्येक ओळ शोधा. नव्या चिपसेटच्या बोर्डांवर या ओळी वाढल्या आहेत, कारण जाहिरातीत द्यायच्या सोयी वाढल्या, पण प्रोसेसरच्या लेन तेवढ्याच राहिल्या. एएम५ च्या रायझन ७००० आणि ९००० प्रोसेसरकडे ५.० च्या २८ लेन असतात. चार चिपसेटकडे जातात (तिथे त्या ४.० च्या वेगाने चालतात), उरल्या २४. त्यांतल्या १६ ग्राफिक्सला, चार पहिल्या एम.२ ला, आणि राहिलेल्या चारांवर सगळ्यांचा डोळा. अनेक एक्स८७० बोर्डांवर यूएसबी४ चा कंट्रोलर आणि दुसरा ५.० चा एम.२ स्लॉट याच चार लेनसाठी भांडतात. दुसरा स्लॉट भरला की कुठे यूएसबी४ निम्म्यावर येतं, तर कुठे ग्राफिक्सचा स्लॉट १६ वरून ८ लेनवर उतरतो.

ग्राफिक्स कार्ड ८ लेनवर आलं तर आकाश कोसळत नाही. ५.० च्या आठ लेन म्हणजे ४.० च्या सोळा. पण कार्ड ४.० चं असेल तर ते ४.० च्याच आठ लेनवर चालेल, हे माहीत असलेलं बरं.

पायरी पाचवी: कुलपं

हे पटकन उरकता येतं. इंटेलकडे प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर झेड मालिका हवी. बी मालिकेत मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. एच६१० वर मेमरीचाही नाही. एएमडीकडे एक्स आणि बहुतेक बी चिपसेटवर दोन्ही चालतं, ए६२० आणि बी८४० वर प्रोसेसरला कुलूप. तुम्ही ओव्हरक्लॉकिंग करत नसाल तर झेड किंवा एक्सचा हा मान तुमच्या कामाचा नाही. त्या पैशांत चांगली मेमरी घ्या.

सॉकेटचं आयुष्यही इथेच पाहून घ्या. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. एलजीए१७०० वर १२वी, १३वी आणि १४वी अशा तीन पिढ्या झाल्या आणि इंटेल एलजीए१८५१ वर गेला. मात्र चिपसेट आणि सॉकेट यांची गाठ नेहमी सरळ नसते. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने येऊ घातलेल्या झेन ३ पिढीचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या चिपसेटवर चालणार नाहीत असं सांगितलं होतं. बी४५० वाल्यांनी एवढा गलका केला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. सॉकेट तोच होता, अडचण बायोसच्या (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) चिपमध्ये जागा पुरण्याची होती.

पायरी सहावी: चिपसेटचं वय

या पायरीवर माझं मत ठाम आहे: नव्या चिपसेटचे पहिले तीन-चार महिने दुसऱ्यांना चाचणी करू द्या. इतिहास तसं शिकवतो.

९ जानेवारी २०११ ला इंटेलने सँडी ब्रिज पिढीचे प्रोसेसर आणले, सोबत पी६७ आणि एच६७ चिपसेट. ३१ जानेवारीला कंपनीनेच जाहीर केलं की चिपसेटमधले ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार खराब होऊ शकतात. म्हणजे पहिल्या दिवशी सगळं सुरळीत, चाचण्यांमध्ये काही दिसणार नाही, आणि महिन्यांनी डिस्क त्रास देऊ लागणार. ६ गिगाबिटचे दोन पोर्ट मात्र निर्दोष. दुरुस्ती बायोसने होण्यासारखी नव्हती, सिलिकॉनच बदलावं लागलं: बी२ स्टेपिंग (चिपची आवृत्ती) जाऊन बी३ आलं. दुरुस्ती आणि बदलून देण्याचा खर्च इंटेलने ७० कोटी डॉलर धरला होता. २०१३ मध्ये इंटेलच्या आठव्या मालिकेच्या चिपसेटच्या सुरुवातीच्या सी१ स्टेपिंगमध्येही एक खोड निघाली. संगणक झोपेतून उठला की काही यूएसबी ३.० साधनं सुटायची. ती सी२ मध्ये गेली.

एएमडीची बाजू पाहा. एक्स५७० जुलै २०१९ मध्ये आला, घरगुती संगणकांत पीसीआय एक्सप्रेस ४.० आणणारा पहिला चिपसेट. गरम इतका व्हायचा की बहुतेक बोर्डांवर चिपसेटलाच छोटा पंखा बसवावा लागला. वर्षभराने बी५५० आला. त्याच्या चिपसेटच्या लेन ३.० च्या होत्या, पण पंखा नको आणि ग्राफिक्स व पहिली एसएसडी प्रोसेसरमधून ४.० वरच. ज्यांनी वर्षभर वाट पाहिली त्यांचं काही बिघडलं नाही, कानाला मात्र आराम मिळाला. याच ५०० मालिकेत यूएसबी मधेच तुटण्याची तक्रार होती. एएमडीने ती २०२१ च्या सुरुवातीला मान्य केली आणि एप्रिलच्या आसपास नव्या अजेसामधून दुरुस्ती दिली. अजेसा म्हणजे एएमडीने बोर्ड कंपन्यांना दिलेला बायोसचा गाभा; त्याची आवृत्ती बायोसच्या नोंदीत लिहिलेली असते.

तर काय करायचं? ज्या बोर्डावर नजर आहे त्याच्या बायोसच्या यादीत जा आणि तारखा खालून वर वाचा. पहिल्या दोन महिन्यांत सहा बायोस आले असतील तर काहीतरी जळतंय आणि कोणीतरी पाणी मारतंय. एकही आला नसेल तर ते आणखी वाईट. मला आवडतो तो असा बोर्ड, ज्याच्या नोंदी हळूहळू विरळ होत गेल्या आहेत आणि शेवटची नोंद बीटा नाही. ‘स्थिरता सुधारली’ एवढ्यावर समाधान मानू नका. मेमरी, यूएसबी, झोपेतून उठणं यांचा नावाने उल्लेख असलेल्या ओळी खुणावून ठेवा, कारण त्याच तुम्हाला शेवटच्या पायरीवर तपासायच्या आहेत.

मुरलेल्या चिपसेटचाही एक सापळा आहे. तो बोर्ड गोदामात वर्षभर पडून असेल तर त्यातला बायोसही तेवढाच जुना. नवा प्रोसेसर लावला आणि पडदा काळाच राहिला, असं त्यामुळे होतं. प्रोसेसरच्या यादीत ‘किमान बायोस’ हा रकाना पाहा, आणि प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस चढवणारं फ्लॅशबॅकचं बटण बोर्डाच्या मागे आहे याची खात्री करा. जुना बायोस नुसता गैरसोयीचाच असतो असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही बोर्डांवर रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना पुढे आल्या, आणि त्यानंतर एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे बायोस आले. एएम५ चा जुना साठ्यातला बोर्ड घेतलात तर आधी बायोस, मगच मेमरीचं एक्सपो (जादा वेगाचं तयार सेटिंग) चालू करायचं. हा क्रम चुकवू नका.

पायरी सातवी: चाचण्या वाचताना

नव्या बोर्डावर गेम तीन टक्के वेगाने चालला असं वाचलंत, तर आधी विचारा की दोन्हीकडे प्रोसेसरची वीजमर्यादा सारखी होती का. बोर्ड कंपन्या वर्षानुवर्षं ही मर्यादा स्वतःहून सैल ठेवत आल्या आहेत. नफा आलेखात दिसतो आणि उष्णता तुमच्या केसमध्ये. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतला अस्थिरतेचा प्रश्न २०२४ मध्ये गाजला, तेव्हा बोर्डांच्या बायोसमध्ये इंटेलच्या मूळ मर्यादांचं सेटिंग आलं. त्याच ऑगस्टपासून व्होल्टेजची दुरुस्ती करणारा मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आतला कोड) बायोसमधून मिळू लागला. झेड७९० च्या त्याआधीच्या चाचण्या आजच्या बायोसवर तशाच्या तशा लागू पडत नाहीत, आणि त्यांच्याशी झेड८९० ची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या शर्यतींचे निकाल एका तक्त्यात मांडणं.

चिपसेटबद्दल खरोखर सांगणाऱ्या चाचण्या वेगळ्या असतात: चिपसेटच्या स्लॉटवरच्या एसएसडीचा वेग, यूएसबीचे अनेक पोर्ट एकदम वापरल्यावरचा वेग, काही काम नसताना भिंतीपाशी मोजलेली वीज, झोपेतून उठायला लागणारा वेळ. ज्या परीक्षणात यातलं काहीच नाही ते प्रोसेसरचं परीक्षण आहे, शीर्षकात चिपसेटचं नाव असलं तरी.

पायरी आठवी: बोर्ड घरी आल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं उरकायचं. नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. साटा आणि यूएसबी ठरलेल्या मानकांवर चालतात म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना लगेच ओळखते. नव्या बोर्डावर अडतं ते नव्या नेटवर्क आणि वायफाय चिपपाशी, आणि इंटरनेटशिवाय त्यांचा ड्रायव्हर आणणार कुठून?

बायोस ताजा करून रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा, एकदा मूळ वेगावर आणि एकदा एक्सपो किंवा इंटेलकडचं एक्सएमपी लावून. एकही चूक चालणार नाही. डीडीआर५ च्या बोर्डावर पहिल्यांदा पडदा यायला बराच वेळ लागू शकतो, बोर्ड मेमरीची घडी बसवत असतो. त्या वेळी घाबरून वीज बंद करू नका.

मग लेन मोजा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो आणि लिनक्सवर एलएसपीसीआय प्रत्येक साधनाची क्षमता आणि सद्यस्थिती वेगवेगळी दाखवतात. दोन्ही आकडे जुळायला हवेत. एसएसडीची क्षमता ४.० च्या चार लेनची आणि सद्यस्थिती दोनची दिसली, तर ती चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेली नाही. ग्राफिक्स कार्ड मात्र काम नसताना वीज वाचवायला मुद्दाम खालच्या वेगावर जातं. तिथे १.१ दिसलं म्हणून तक्रार नोंदवू नका. गेम चालू ठेवून आकडा पाहा.

त्यानंतर दहा वेळा झोपवा आणि उठवा. दरवेळी यूएसबीवरचा हेडफोन, बाहेरची एसएसडी आणि नेटवर्क परत आले का ते पाहा. बाहेरच्या एसएसडीवर ५० जीबी उतरवत असताना हेडफोनवर काही ऐका. आवाज तुटला, तर दोन्ही साधनं एकाच कंट्रोलरवर आली असतील. मागच्या बाजूला दुसऱ्या गटातला पोर्ट निवडून पुन्हा करा. तासभर गेम चालल्यावर चिपसेटचं तापमानही एकदा पाहून ठेवा, कारण जाड ग्राफिक्स कार्ड नेमकं त्याच्या डोक्यावर बसतं.

शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए लॉगर’ची १७ क्रमांकाची नोंद शोधा. ती म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवर चूक झाली आणि सुधारली गेली. आठवड्यात एखादी असेल तर सोडून द्या. मिनिटाला वीस येत असतील तर कुठली लेन ओरडतेय ते त्याच नोंदीत लिहिलेलं असतं. ती ग्राफिक्सची असेल आणि कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल, तर आधी केबल काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून पाहा. ३.० साठी बनलेली केबल ४.० च्या वेगाला बऱ्याचदा टिकत नाही. नोंदी थांबल्या तर केबल बदला किंवा बायोसमध्ये तो स्लॉट ३.० वर बांधून टाका. थेट स्लॉटमध्येही नोंदी येतच राहिल्या, तर त्यांचं चित्र काढून ठेवा आणि बोर्ड खोक्यात भरा, या वेळी पुस्तिका वाचून झाल्यावर.